खताच्या बादलीतली झुरळे

(साक्षरता वर्गातील प्रौढ बंधुभगिनींपुढे केलेले भाषण)



मी एक निवृत्त हेडमास्तर. ३८ वर्षे मी पोरांना शिकवले. पोरांपुढे बोलायची मला सवय आहे. तुमच्यापुढे बोलताना मात्र जरा धाक वाटतो. पोराला चुकीचे सांगितले तर ते गप्प बसते. तुम्ही गप्प बसणार नाही. तुम्ही विचाराल, "गुरुजी, हे तुम्ही घरी करून पाहिलं का?" म्हणून उपाय सांगेन ते माझ्या घरी करून पाहिलेलेच सांगेन. ज्यात मी फसलो, तेही सांगेन.

आजचा विषय आहे झुरळ. हसू नका. झुरळ लहान आहे, पण त्याच्यापायी माणूस मोठी चूक करून बसतो.

तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. वर्ग सुटला. सगळे घरी गेले. आपल्यातली एक भगिनी मागे थांबली. तिचे नाव मी सांगत नाही, पण ती आज येथे बसली आहे. ती म्हणाली, "गुरुजी, तुम्ही सांगितलं म्हणून मी खताची बादली केली. आता तिच्यात झुरळं झाली. झाकण काढलं की पळतात. रात्री चुलीपर्यंत येतात. सासूबाई म्हणतात, 'हाई काय शे? फेकी दे ती बादली!' मालक म्हणतात, 'कपाशीचं औषध पडलंय घरात, ते टाक चिमूटभर.' मी कोणाचं ऐकू?"

मी म्हणालो, "बाई, दोघांचंही ऐकू नको. बादली फेकू नको आणि औषध तर मुळीच टाकू नको. मी उद्या सकाळी येतो."

मी इतक्या घाईने का बोललो, ते आता सांगतो.

सहा वर्षांपूर्वी आमच्या घरीही अशीच बादली होती. नोकरी संपली होती. हाताला काम नव्हते. मनात आले, घरचा ओला कचरा बाहेर का टाकावा? त्याचे खत करू, परसात मेथी-पालक लावू. रंगाची वीस लिटरची रिकामी बादली घेतली. तिला भोके पाडली. ठेवली कुठे? मोरीला लागून, स्वयंपाकघराच्या दाराशी. का? तर आमच्या घरच्यांना टाकायला सोपे जावे म्हणून. भाजीची देठे, केळीच्या साली, चहाचा चोथा, भरताच्या वांग्याची जळकी साल, उरलेली भाकरी, सांडलेले वरण, सगळे त्या बादलीत जाऊ लागले.

महिन्याभरात बादलीला वास सुटला. खाली काळे पाणी गळू लागले. आणि झुरळे आली. सूनबाई एके दिवशी म्हणाली, "मामंजी, एक तर ही बादली राहील, नाही तर मी स्वयंपाक करीन." ती बरोबरच बोलत होती. पण मी हेडमास्तर! हार कशी मानणार?

शेतातल्या कोठीत एक जुना डबा पडला होता. त्यावरचा कागद कधीच निघून गेला होता. आत पांढरट भुकटी होती. शेतातली कीड मरते, तर झुरळ का मरणार नाही, असा मी विचार केला. रात्री दोन मुठी भुकटी बादलीत टाकली. थोडी मोरीच्या कडेने टाकली. तीही उघड्या हाताने.

सकाळी पाहतो तर झुरळे उताणी पडलेली. मला फार आनंद झाला. सूनबाईला हाक मारून दाखवले. मेलेली झुरळे झाडून परसात लोटली आणि मी पेपर वाचत बसलो.

शेजारी एक म्हातारी मावशी राहत. त्यांच्याजवळ चार कोंबड्या होत्या. अंडी विकून त्यांचा चहा-साखरेचा खर्च निघे. त्या कोंबड्या रोज आमच्या परसात येत, माती उकरीत, किडे वेचीत. त्या दिवशीही आल्या. संध्याकाळी एक कोंबडी झोकांड्या खाऊ लागली. तिच्या चोचीतून फेस आला. रात्री ती मेली. सकाळी दुसरी मेली.

मी मावशींपुढे गेलो. माझी मान वर होईना. कोंबड्यांचे पैसे दिले. पैसे घेताना त्या म्हणाल्या, "गुरुजी, कोंबड्या गेल्या ते जाऊ द्या. तुमचा नातू त्याच मातीत खेळतो."

नातू तेव्हा तीन वर्षांचा होता. दिसेल ते तोंडात घालण्याचे वय. बंधूंनो, त्या रात्री मला झोप लागली नाही. जन्मभर मी पोरांना सांगत आलो, "आधी वाचा, मग लिहा." आणि मी स्वतः काय केले? ज्या डब्यावर वाचायला अक्षरही उरले नव्हते, त्यातले विष घरात पसरले.

ती सगळी बादली मी विहिरीपासून लांब नेऊन खोल खड्ड्यात पुरली. परसातली मेथी उपटून टाकली. मोरी साबणाने चार वेळा धुतली. त्या दिवसापासून मी झुरळाकडे नीट पाहायला शिकलो. ते काय खाते, कुठे राहते, कशाला भिते, हे समजून घेतले. शत्रू असो की पाहुणा, आधी त्याची ओळख करून घ्यावी.

आता झुरळाची ओळख ऐका.

झुरळ फार जुने आहे. झुरळासारखे कीटक पृथ्वीवर सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीही होते. तेव्हा माणसाचा पत्ताही नव्हता. म्हणून एका रात्रीत झुरळाचा वंश बुडवीन म्हणणे हा वेडेपणा आहे.

आपल्या घरात मुख्यतः दोन जातींची झुरळे दिसतात. एक मोठे, तांबूस, बोटाच्या दोन पेरांएवढे. ते गटारात, मोरीत, उकिरड्यात राहते. खताच्या बादलीत बहुधा हेच असते. दुसरे लहान, पिवळसर तपकिरी, अर्ध्या इंचाच्या आसपास. ते स्वयंपाकघरातल्या फटींत, डब्यांच्या मागे राहते.

मोठ्या झुरळाची मादी अंड्यांची एक पुडी घालते. ती काळपट तपकिरी असते, चवळीच्या दाण्याएवढी. एका पुडीत चौदा-पंधरा अंडी असतात. अशा अनेक पुड्या ती आयुष्यात घालते. या पुडीचे कवच कठीण असते. वरून विष मारले तरी ते आत सहसा पोचत नाही. म्हणजे विषाने आजची झुरळे मरतात, पण महिना-दीड महिन्याने पुन्हा नवी पिल्ले निघतात. मग माणूस पुन्हा विष टाकतो. झुरळ संपत नाही, घरातले विष मात्र वाढत जाते.

झुरळ शिरते कसे? रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवा. तेवढीच फट असली तरी मोठे झुरळ अंग चपटे करून तिच्यातून जाते. म्हणून फट लहान आहे, असे समजून स्वस्थ बसू नका.

झुरळाला तीन गोष्टी लागतात. अन्न, ओल आणि अंधार. यांत ओल फार महत्त्वाची. स्वयंपाकघरातले लहान झुरळ अन्नावाचून महिनाभर काढू शकते. पाण्यावाचून मात्र ते पंधरा दिवससुद्धा काढीत नाही. आपल्या खानदेशात चैत्र-वैशाखात काय ऊन पडते, ते तुम्हाला सांगायला नको. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जातो. बाहेरची माती भाजून निघते. मग झुरळ कुठे जाईल? जिथे ओल आहे तिथे जाईल. आपली मोरी ओली, आपली बादली ओली. आपणच त्याला आमंत्रण देतो.

आता कोणी विचारील, "गुरुजी, बादलीतल्या झुरळानं आपलं काय बिघडतं? तेही कचराच खातं ना?" प्रश्न चांगला आहे. खरी गोष्ट अशी की, बादलीत झुरळ कचरा कुरतडते, त्याचे बारीक तुकडे करते. तिथे ते खताला मदतच करते. पण ते बादलीत थांबत नाही. रात्री उकिरड्यावरून आणि गटारातून निघते आणि भाकरीच्या टोपल्यावर चढते. त्याच्या पायांना घाण लागलेली असते. त्या घाणीबरोबर हगवणीचे, आमांशाचे जंतू आपल्या अन्नात येतात. त्याची विष्ठा आणि त्याने टाकलेली कात यांची धूळ होते. ती धूळ श्वासात जाऊन काहींना, विशेषतः लहान मुलांना, दम्याचा त्रास होतो.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. खताच्या बादलीत झुरळे झाली, की ती बादली आपल्याला काही सांगत असते. ती म्हणते, "मी फार ओली झाले. माझ्यावर पांघरूण नाही. मी चुलीच्या फार जवळ आहे." हा निरोप ऐकावा. निरोप आणणाऱ्यावर विष टाकून काय उपयोग?

मग करायचे काय? त्या भगिनीच्या घरी जाऊन आम्ही जे केले, ते क्रमाने सांगतो. ती बादली आज येथे आणली आहे. ही पाहा.

पहिली गोष्ट, जागा. तिची बादलीही मोरीशी होती. ती आम्ही परसात नेली, चुलीपासून पंधरा पावलांवर. भिंतीला टेकवली नाही. खाली दोन विटा ठेवल्या. वर निंबाची सावली आहे. भर उन्हात बादली ठेवली तर खत वाळून जाते आणि कुजण्याचे काम थांबते. पावसात ठेवली तर चिखल होतो. म्हणून सावली हवी आणि वर झाकण हवे.

दुसरी गोष्ट, भोके. बादलीला भोके हवीतच. हवा गेली नाही तर कचरा कुजून घाण वास येतो. पण उघडे भोक म्हणजे झुरळाचा दरवाजा. फाटक्या मच्छरदाणीचे कापड घ्या. ते बादलीला बाहेरून गुंडाळा आणि सुतळीने घट्ट बांधा. झाकणाखालीही एक तुकडा ठेवा. हवा जाईल, झुरळ जाणार नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यांत मोठी आहे. ओल्यावर कोरडे. हे दोन शब्द पाटीवर लिहून ठेवा. एक वाटी ओला कचरा टाकला, की त्यावर दोन वाट्या कोरडा कचरा टाकायचा. कोरडा म्हणजे कोणता? वाळलेला पाला, लाकडाचा भुसा, भुईमुगाची टरफले, दादरच्या कडब्याची कुट्टी, केळीची वाळलेली पाने, वर्तमानपत्राचे बारीक तुकडे. आपल्या रावेर-यावलकडे केळीच्या पानांना काय तोटा? कोरड्याचा थर असा हवा की खालची साल, खालचे देठ डोळ्यांना दिसता कामा नये. जे आपल्याला दिसत नाही आणि ज्याचा वास सुटत नाही, ते झुरळालाही लवकर सापडत नाही. बादलीशेजारी कोरड्या पाल्याचे एक पोते भरून ठेवा. पोते शेजारी नसले, तर घाईच्या वेळी हात आखडतो.

चौथी गोष्ट, मूठ. बादलीतले खत मुठीत घ्यायचे आणि दाबायचे. मी आता दाबतो, पाहा. बोटांतून एखादा थेंब आला. एवढी ओल ठीक. धार लागली, तर खत फार ओले आहे, आणखी कोरडे घाला. मूठ उघडल्यावर खत भुगा होऊन पडले, तर ते फार कोरडे आहे, थोडे पाणी शिंपडा. यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. मात्र मूठ दाबल्यावर हात साबणाने धुवा. मीही आता धुणार आहे.

पाचवी गोष्ट, काय टाकू नये. शिजलेले अन्न, तेलकट भाजी, दूध-दही, मासे-मटणाची हाडे या बादलीत टाकू नका. तर्रीची शेवभाजी आपल्याला आवडते, तशी झुरळालाही आवडते. उंदीरही त्या वासाने येतात. उरलेली भाकरी जनावराला घाला. साली आणि देठे विळीवर बारीक चिरून टाका. बारीक कचरा लवकर कुजतो. जितके लवकर कुजेल, तितके झुरळाला खायला कमी उरेल.

सहावी गोष्ट, ढवळणे. आठवड्यातून दोनदा, दुपारच्या वेळी, काठीने बादली तळापर्यंत हलवा. झुरळाला उजेड आणि गडबड सोसत नाही. फारच झाली असतील, तर बादली एका पोत्यावर उपडी करा आणि तास-दोन तास पसरून ठेवा. अंड्यांच्या पुड्या दिसतील, त्या वेचून दगडाने ठेचा. पळणाऱ्या झुरळांवर साबणाचे पाणी टाका. झुरळ नाकाने श्वास घेत नाही. त्याच्या अंगाच्या कडेला बारीक छिद्रे असतात. साबणाच्या पाण्याने ती बंद होतात आणि ते मरते. त्यानंतर कोंबड्या सोडा. त्या उरलेले काम करतात. पण लक्षात ठेवा, जिथे विष टाकले नाही तिथेच कोंबड्या सोडायच्या.

आमच्या शेजारच्या मावशींच्या कोंबड्या आता पुन्हा आमच्या परसात येतात. हे मी मुद्दाम सांगतो. पहिले दोन महिने त्यांनी त्या बांधून ठेवल्या होत्या. त्यांचे काही चुकले नाही.

सातवी गोष्ट, घर. बादली सुधारली आणि मोरी ओलीच राहिली, तर झुरळ बादलीतून उठून मोरीत जाईल. रात्री खरकटी भांडी ठेवू नका. निजण्यापूर्वी मोरीत पाणी साचू देऊ नका. मोरीच्या भोकावर बारीक जाळी बसवा. भिंतीच्या फटी सिमेंटाने नाही तर मातीने लिंपून घ्या. पुठ्ठ्याची खोकी आणि जुनी पोती कोपऱ्यात साठवू नका.

घरात शिरलेल्या झुरळांसाठी एक सापळा सांगतो. रुंद तोंडाची काचेची बरणी घ्या. आत गुळाचा खडा आणि पावाचा तुकडा टाका. बरणीच्या तोंडाला आतून चार बोटे रुंद तेलाचा हात फिरवा. रात्री बरणी मोरीजवळ ठेवा. बाहेरून चढायला फडक्याची पट्टी लावा. झुरळ वासाने आत उतरते. बाहेर निघताना तेलावरून त्याचे पाय घसरतात. सकाळी बरणीत साबणाचे पाणी ओता. आमच्या घरी पहिल्या रात्री अकरा झुरळे सापडली होती.

काही जण बोरिक पावडर वापरतात. कॅरमच्या बोर्डावर टाकतात तीच. कणीक, साखर आणि बोरिक पावडर यांच्या गोळ्या करून फटीत ठेवतात. त्याने झुरळे हळूहळू मरतात, हे खरे. पण गोळी कणकेची दिसते, गोड लागते. लेकराने ती खाल्ली तर? म्हणून ज्या घरात रांगते मूल आहे, तिथे हा उपाय नको. आणि खताच्या बादलीत तर ती पावडर कधीच टाकू नका. खतातून ती मातीत जाते आणि जास्त झाली तर झाडाची पाने करपतात.

बाजारात झुरळांसाठी पांढरे खडू मिळतात. मी जन्मभर खडू हातात धरला आहे. म्हणून सांगतो, त्या खडूत विष असते. पण लेकराला शाळेचा खडू आणि विषाचा खडू यांतला फरक कळत नाही.

आता विषाविषयी दोन शब्द बोलतो. आपण शेतातल्या विषाला "औषध" म्हणतो. चूक येथूनच सुरू होते. औषध म्हटले की भीती जाते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झाली. शेकडो माणसे दवाखान्यात गेली. वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ते तर उघड्या रानात होते. तेच विष आपण चार भिंतींच्या आत, चुलीशेजारी टाकणार काय?

तुम्ही आता वाचायला शिकलात. पहिले वाचन कोणते कराल? पोथी वाचा, पत्र वाचा, सातबारा वाचा. पण त्याआधी घरातल्या प्रत्येक विषाच्या डब्यावरचा कागद वाचा. डब्यावर टोकावर उभा केलेला एक चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाला रंग असतो. लाल रंग म्हणजे अत्यंत विषारी. त्यावर कवटी आणि हाडांचे चित्रही असते. पिवळा म्हणजे जास्त विषारी. निळा म्हणजे मध्यम विषारी. हिरवा म्हणजे त्यातल्या त्यात कमी. पण हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे, बरं का! डब्याबरोबर घडीचा कागद मिळतो. विष पोटात गेले तर काय करावे, ते त्यावर लिहिलेले असते. तो कागद फेकू नका. ज्या डब्यावरचा कागद गेला, त्या डब्यातले काही वापरू नका. शेतातले विष पाण्याच्या बाटलीत किंवा चहाच्या डब्यात काढून ठेवू नका.

आणि देव न करो, पण कोणाच्या पोटात विष गेलेच, तर मीठ-पाणी पाजून ओकाऱ्या काढीत बसू नका. १०८ नंबरला फोन करून गाडी बोलवा. दवाखान्यात जाताना तो डबा बरोबर न्या. काय पोटात गेले ते डॉक्टरांना कळले, तर उपचार लवकर होतो.

मंडळी, बादली ही लहान गोष्ट झाली. ज्यांच्या दारी गुरे आहेत, शेत आहे, त्यांनी मोठे खत करावे. मोठ्या ढिगात झुरळाचा प्रश्न आपोआप सुटतो. तो कसा, ते ऐका.

धुळ्याहून आग्रा रोडने निघा. शिरपूर सोडले, सेंधव्याचा घाट चढला, की पुढे इंदूर लागते. त्या इंदुरात आल्बर्ट हॉवर्ड नावाचे एक इंग्रज शेतीशास्त्रज्ञ होते. १९२४ ते १९३१ या काळात त्यांनी तिथे काम केले. ते आले होते शिकवायला, पण आपल्या शेतकऱ्यांकडून पुष्कळ शिकले. काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर देऊन त्यांनी खत केले. ढीग वेळोवेळी खालीवर केला. त्या रीतीला जगभर "इंदूर पद्धत" म्हणतात. साहेबाने तिला आपले नाव दिले नाही, गावाचे दिले.

असा ढीग नीट रचला, की चार-पाच दिवसांत आतून तापतो. उष्णता ५५ ते ६५ अंशांपर्यंत जाते. हात घातला तर चटका बसतो. त्या उष्णतेत झुरळ टिकत नाही, त्याची अंडीही टिकत नाहीत. आपली बादली लहान असते. ती इतकी तापत नाही. म्हणूनच बादलीत कोरडे घालणे आणि झाकणे यांवर भर द्यावा लागतो.

दुसरे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलेच. यवतमाळ जिल्ह्यात पुसद येथे ना. दे. पांढरीपांडे नावाचे शेतकरी होते. लोक त्यांना नाडेपकाका म्हणत. त्यांनी विटांचा हौद काढला. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच. भिंतीत मधून मधून विटा सोडून जाळी ठेवलेली, म्हणजे आत हवा खेळते. त्यात काडीकचऱ्याचे, शेणकाल्याचे आणि मातीचे थर द्यायचे. वरून शेणामातीने लिंपून टाकायचे. तीन-चार महिन्यांत खत तयार. थोड्या शेणात पुष्कळ खत, ही त्याची खुबी. आणि वरून लिंपलेले असल्यामुळे घाण नाही, वास नाही. कपाशीच्या पऱ्हाट्या आपण बांधावर पेटवून देतो. त्या बारीक करून या हौदात घातल्या, तर जमिनीचे जमिनीला परत मिळेल.

आता या बादलीकडे वळू. झाकण काढतो. मागे सरकू नका.

पाहा, वास येतो काय? पहिल्या पावसात मातीचा येतो तसा वास आहे. झुरळे सगळी गेली, असे मी म्हणणार नाही. तीन आठवड्यांपूर्वी झाकण काढले तेव्हा आम्ही मोजली, तेवीस होती. काल रात्री या भगिनीने कंदील घेऊन मोजली. चार निघाली. तिने आपल्या वहीत तारीख घालून आकडे लिहून ठेवले आहेत. आज मला ती वही पाहून जितका आनंद झाला, तितका खत पाहूनही झाला नाही.

तिच्या मालकांनी घरातला औषधाचा डबा उचलून शेतातल्या कोठीत कुलपात ठेवला. आणि सासूबाई? त्यांना मी परवा विचारले, "काय माय, बादली फेकायची ना?" त्या म्हणाल्या, "राहू द्या गुरुजी. आधी तिचं खत माझ्या दोडक्याच्या वेलाला घालून पाहते. वेल नाही चढला, तर मग तुम्हालाच बोलावते." परीक्षा अजून संपलेली नाही, मंडळी. निकाल दोडका देणार आहे.

गाडगेबाबा गावात आले, की आधी खराटा हातात घेत. गाव झाडून काढीत आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहत. आधी काम, मग बोलणे. मी आधी बोलत राहिलो आणि पुढे दोन कोंबड्यांच्या मोलाने काम शिकलो. तुम्हाला ते मोल द्यावे लागू नये, म्हणून आज आलो.

घरी गेल्यावर तीन गोष्टी करा. बादली असेल तर चुलीपासून दूर न्या. शेजारी कोरड्या पाल्याचे पोते ठेवा. आणि घरात कागद निघालेला एखादा डबा असेल, तर आज रात्रीच लेकरांच्या हाताला लागणार नाही असा कुलपात ठेवा.

एवढे बोलून मी आपली रजा घेतो. कोणाला काही विचारायचे असेल, तर मी दाराशी थांबतो.